मोसमाच्या सुरुवातीला मिल लॅक्सवर वॉलआय गरवताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

मे महिन्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाचा मोसम उघडतो आणि पहिल्याच शनिवारी मिल लॅक्स तळ्याच्या रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, गाड्यांच्या रांगा लागतात. त्यातले बरेच जण रिकाम्या हाताने परततात. जुलैत जसं गरवतात तसंच मे महिन्यात गरवल्यामुळे हे होतं: खोल पाणी, जड शिसं, दोरी भराभर ओढणं. बर्फ जाऊन जेमतेम दोन-तीन आठवडे झालेल्या पाण्यात मासा थंड असतो, हळू असतो आणि ठरावीक जागांनाच धरून असतो. म्हणून आधी पाण्याचं तापमान बघायचं, मग वारा, मग खोली. आमिषाचा विचार त्यानंतर. हा क्रम उलटला की माणूस दिवसभर एकाच चुकीच्या जागी बसून आमिषं बदलत राहतो.

खालची माहिती मिल लॅक्स डोळ्यासमोर ठेवून दिली आहे. मिनिआपोलिसपासून साधारण १६० किलोमीटर उत्तरेला असलेलं हे तळं प्रचंड पसरट आहे, पण सर्वांत खोल जागीही पाणी ४२ फुटांच्या आसपासच. लीच लेक किंवा विनिबिगोशिश या तळ्यांवरही पद्धत हीच. कॅनडातल्या ओंटारियोत याच माशाला पिकरेल म्हणतात. तिथे तारखा आणि परवाने वेगळे, मासा तोच.

१. परवाना आणि त्या तळ्याचे नियम

मोसम मेमोरियल डेच्या (मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारच्या) आधीच्या शनिवारच्या बरोबर दोन आठवडे आधीच्या शनिवारी उघडतो. २०२५ मध्ये तो १० मे होता, २०२६ मध्ये ९ मे. शुक्रवारची मध्यरात्र उलटली की गळ टाकता येतो, आधी नाही. वय १६ किंवा जास्त असेल तर परवाना हवाच. तो १ मार्चपासून पुढच्या फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत चालतो, म्हणजे गेल्या उन्हाळ्यात काढलेला मे महिन्यात संपलेला असतो. हे विसरणारे दरवर्षी सापडतात.

राज्यात सलग ६० दिवस राहून झाले असतील तर निवासी दराने परवाना मिळतो; नुकतेच बदली होऊन आलेल्यांनी हे दिवस मोजून बघावेत. मदर्स डेच्या शनिवार-रविवारी राज्यात राहणाऱ्या आयांना परवान्याशिवाय गरवता येतं, आणि बहुतेक वर्षी तेच दिवस मोसम उघडण्याचे असतात. पण भारतातून भेटीला आलेल्या आई-सासूबाईंना ही सवलत नाही. त्यांच्यासाठी २४ तासांचा, ७२ तासांचा किंवा ७ दिवसांचा अनिवासी परवाना काढावा.

मिल लॅक्सचे वॉलआयचे नियम राज्यातल्या सर्वसाधारण नियमांहून वेगळे असतात. डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, ते दरवर्षी मोसमाआधी जाहीर करतं: किती मासे ठेवायचे, किती लांबीचे, कोणत्या तारखेपासून. मोसमाच्या मध्येही त्यात बदल होतात. त्यामुळे गेल्या वर्षीचा कागद किंवा मित्राची आठवण इथे उपयोगाची नाही. निघायच्या आदल्या दिवशी डीएनआरच्या संकेतस्थळावर त्या तळ्याचं नाव टाकून नियम वाचा आणि फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा. तळ्यावर सगळीकडे सिग्नल मिळतो असं नाही.

उघड्या पाण्यात एका माणसाला एकच दोरी. दोन रॉड लावून बसणं बर्फावर चालतं, मे महिन्यात नाही. मस्कीचा (पाइकच्या कुळातल्या मोठ्या माशाचा) मोसम जूनच्या पहिल्या शनिवारपर्यंत बंद असतो. लांबट मासा लागला आणि गडद अंगावर फिकट ठिपके दिसले तर तो नॉर्दर्न पाइक. फिकट अंगावर गडद पट्टे किंवा डाग असतील तर मस्की. शंका असेल तर सोडून द्या.

तपासून बघा: चालू वर्षाचा परवाना, त्या तळ्याचे नियम, मासा मोजायची पट्टी. जिथे गरवणार ते नदीमुख सुरुवातीच्या काळात बंद ठेवलेलं नाही ना, हेही बघा. तसे फलक काठावर लावलेले असतात.

२. थंड पाण्याची तयारी

हा टप्पा लोक सर्वांत घाईत उरकतात, आणि जीव जातो तो इथेच. हवा १८ अंश सेल्सियस असली तरी पाणी ७-८ अंशांवर असतं. अशा पाण्यात पडल्यावर पहिलं साधारण एक मिनिट श्वास आवरत नाही, धाप लागते आणि पाणी नाकातोंडात जातं. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, तेवढ्यात बोटीत परत चढता आलं पाहिजे. शुद्ध हरपायला साधारण तासभर लागू शकतो, पण अंगावर लाइफ जॅकेट नसेल तर माणूस तिथवर पोचतच नाही. चांगलं पोहता येतं या गोष्टीचा त्या पहिल्या मिनिटात फारसा उपयोग होत नाही.

म्हणून जॅकेट सीटखाली नको, अंगावर हवं. बोट चालू असताना १० वर्षांखालच्या मुलांना ते घालणं कायद्याने सक्तीचं आहे. मोठ्यांसाठी प्रत्येकी एक, मापाचं, बोटीत असलंच पाहिजे. १६ फूट किंवा त्याहून लांब बोटीत फेकता येईल अशी तरंगती गादी किंवा रिंगही लागते. इंजिन बंद करणारी दोरी किंवा क्लिप चालवणाऱ्याच्या अंगाला लावा. २६ फुटांखालच्या मोटरबोटींना २०२१ पासून अमेरिकाभर हा नियम आहे. २०२५ च्या जुलैपासून मिनेसोटात बोट चालवायला प्रशिक्षणाचा परवानाही लागू लागला आहे. तो वयानुसार टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे, सुरुवात तरुणांपासून. तुमचा जन्म कोणत्या टप्प्यात बसतो ते बघून ठेवा.

कपड्यांत सुती काही नको. सुती बनियन ओला झाला की अंगातली ऊब ओढून घेतो. आतून सिंथेटिक किंवा लोकर, वर फ्लीस, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट-पँट. हातमोज्यांचे दोन जोड, कारण आमिष लावताना पहिला जोड भिजतोच. कपड्यांचा एक पूर्ण जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा.

बोट हिवाळाभर पडून होती तर घरीच पाइपचं पाणी लावून मोटर सुरू करून बघा. जुनं पेट्रोल, उतरलेली बॅटरी, ट्रेलरच्या बेअरिंगमधलं सुकलेलं ग्रीस या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी दगा देतात. दिवे लागतात का तेही पाहा. चांगली वेळ संध्याकाळची असते आणि परतताना अंधार होतो.

बोट भाड्याने घेणार असाल तर रिसॉर्टवाल्याकडून तीन गोष्टी समोर करून दाखवायला सांगा: मोटर सुरू-बंद करणं, नांगर टाकणं आणि खडकाळ उथळ जागा नकाशावर. मिल लॅक्सवर काही रिसॉर्ट मोठ्या ‘लॉन्च’ बोटी चालवतात. त्यात माणशी पैसे भरून बसता येतं, रॉड आणि आमिष मिळतं. पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाला हाच मार्ग आम्ही सुचवू.

सावध: हे तळं पसरट आणि उथळ आहे, त्यामुळे लाटा लवकर उठतात, त्याही आखूड आणि उभ्या. १४-१६ फुटी बोट असेल आणि ताशी १५ मैलांहून जास्त वारा सांगितला असेल तर वाऱ्याच्या आडोशाची बाजू धरा किंवा काठावरूनच गरवा.

३. रॉड, दोरी आणि गाठ

साडेसहा ते सात फुटी स्पिनिंग रॉड, मीडियम-लाइट, टोक चटकन वाकून सरळ होणारं. त्यावर ६ किंवा ८ पौंडी मोनो (एकपदरी नायलॉनची) दोरी. विणलेली दोरी वापरायची तर १० पौंडी घ्या आणि पुढे तीन-चार फूट फ्लुरोकार्बन (पाण्यात सहज न दिसणारी दोरी) जोडा. गेल्या वर्षीची मोनो रिळावरच्या वेटोळ्यांचा आकार धरून बसलेली असते आणि थंडीत आणखी ताठर होते. हलक्या वजनाने ती सुटत नाही आणि टोच कळत नाही. वरची किमान ५० यार्ड दोरी नवी भरा.

पॅलोमार गाठ शिकून घ्या, गार बोटांनीही ती जमते. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवा, साधी सैल गाठ मारा, उरलेल्या फासातून अख्खा गळ बाहेर काढा, थुंकीने ओलं करा आणि दोन्ही टोकं सावकाश ओढा. कोरडी ओढलेली गाठ घासून कमजोर होते आणि मोठ्या माशाच्या पहिल्याच धक्क्याला सुटते.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा रीळ किती ताणाला दोरी सोडेल ते, घरीच लावा. एक लिटर पाण्याने भरलेली बाटली दोरीला बांधा आणि रॉडने उचला: ८ पौंडी दोरीवर बाटली उचलताना रीळ जेमतेम सरकायला हवं. ६ पौंडीवर त्याहून थोडं सैल.

जिगच्या, म्हणजे वजनदार डोकं असलेल्या गळाच्या, वजनाची खालची मापं पाठ असू द्या.

– ४ ते ८ फूट पाणी: १/१६ ते १/८ औंसाचं जिग (साधारण १.८ ते ३.५ ग्रॅम)
– ८ ते १५ फूट: १/८ ते १/४ औंस (३.५ ते ७ ग्रॅम)
– जोराचा वारा असेल तर एक पायरी वर, पण त्याहून जास्त नाही

तळ लागलेला कळेल एवढंच वजन हवं. गरजेपेक्षा जड जिग दगडात अडकतं आणि मासा आमिष आत ओढायला गेला की मध्येच थांबतं; हातात नुसती टोच येते, मासा नाही. रंगांवर फार वेळ घालवू नका. गढूळ पाण्यात पिवळट-हिरवा किंवा केशरी, स्वच्छ पाण्यात पांढरा किंवा चंदेरी. झेब्रा शिंपले (बाहेरून आलेले, पाणी गाळणारे छोटे शिंपले) आल्यानंतर मिल लॅक्सचं पाणी बरंच स्वच्छ झालं आहे.

४. आमिष: काय घ्यायचं आणि कसं जगवायचं

पाणी १० अंश सेल्सियसच्या, म्हणजे ५० फॅरनहाइटच्या खाली असेल तर जिवंत छोटा मासा: शायनर किंवा फॅटहेड, दोन ते तीन इंची. जळू १० अंशांच्या वर घ्या. गार पाण्यात जळू अंगाचा गोळा करून बसते, वळवळत नाही, आणि वळवळच नसेल तर तिचा उपयोग नाही. गांडूळ त्याहून उबदार पाण्यात, साधारण १३ अंशांच्या पुढे. पहिल्या आठवड्यात गांडुळांचे डबे घेऊन जाणारे लोक इथेच चुकतात.

वसंत उशिरा आला असेल तर चांगले शायनर दुकानात मिळतीलच असं नाही. आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि फॅटहेडची तयारी ठेवा.

शायनर मरतात ते तीन कारणांनी: नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, तापमानाचा धक्का आणि गर्दी. बादलीत दोन डझनांपेक्षा जास्त नको. बॅटरीवर चालणारा एअरेटर (पाण्यात हवा सोडणारा पंप) लावा. गोठवलेली पाण्याची बाटली बादलीत सोडा. सुटा बर्फ टाकू नका, तो वितळला की त्यातलंही क्लोरीन पाण्यात येतं. घरून क्लोरीन काढलेलं दोन-तीन गॅलन पाणी बरोबर न्या. परतताना बादलीत तळ्याचं पाणी घेऊन निघता येत नाही, त्या वेळी हेच पाणी बदलायला लागतं.

गळ लावायची पद्धत माशाप्रमाणे बदलते. फॅटहेडला खालच्या ओठातून वर, दोन्ही ओठ एकत्र. शायनरचे ओठ नाजूक, ते फाटून मासा निसटतो. म्हणून गळ तोंडातून आत, कल्ल्यातून बाहेर, अर्धा वळसा देऊन पाठीत टोचायचा. आमिष जिगच्या दांडीवर सरळ बसलं पाहिजे. वाकडं बसलं तर ओढताना गरगर फिरतं, दोरीला पीळ पडतो आणि मासा जवळ येऊन परत जातो.

सावध: पेट्रोल, सनस्क्रीन किंवा कीटकनाशक लागलेल्या हाताने आमिष धरू नका. आधी साबणाशिवाय पाण्याने हात चोळून धुवा.

५. जागा शोधणं: थर्मामीटर आणि वारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. दिवसातला पहिला तास गळ न टाकता नुसतं पाणी मोजण्यात गेला तरी तो वाया जात नाही.

वॉलआय साधारण ५.५ ते १० अंशांच्या दरम्यान, खडी-गोटे असलेल्या उथळ पाण्यात किंवा नदीत चढून अंडी घालतो. मोसम उघडतो तेव्हा हे काम बहुधा संपलेलं असतं किंवा संपत आलेलं असतं. नर त्या जागांच्या आसपास अजून रेंगाळत असतात. मोठ्या माद्या थकून जरा खोलात सरकलेल्या असतात आणि काही दिवस फारसं खात नाहीत. त्यामुळे पहिल्या आठवड्यात हाताला लागतात ते बहुतेक मध्यम आकाराचे नर.

तापमानाप्रमाणे शोध असा घ्या:

– ५.५ ते ७ अंश (४२ ते ४५ फॅरनहाइट): नदीमुखं, गोट्यांचे काठ, ३ ते ८ फूट
– ७ ते १० अंश (४५ ते ५०): त्याच काठांना लागून पहिला उतार जिथे सुरू होतो तिथे, ५ ते १२ फूट
– १० ते १३ अंश (५० ते ५५): मासा पसरायला लागतो, नव्या हिरव्या पाणवनस्पतींच्या कडा, वाळू आणि दगड मिळतात त्या रेषा, ८ ते १५ फूट
– १३ अंशांच्या वर: खडकाळ उंचवटे आणि चिखलाच्या पठारांच्या कडा, आणि इथून पुढे उन्हाळ्याच्या पद्धती लागू

सोनारवर (बोटीवरच्या खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) दिसणारं तापमान फक्त वरच्या थराचं असतं. उन्हाच्या शांत दुपारी वरचा फूटभर थर दोन-तीन अंशांनी गरम दिसतो आणि खाली पाणी तसंच गार. साधा थर्मामीटर दोरीला बांधून तीन फूट खाली सोडा, दोन मिनिटं थांबा, मग वाचा. काठावरून गरवणाऱ्यांनाही हे सहज करता येतं, आणि त्यांना तर दुसरं साधनच नसतं.

एकाच तळ्यावर एकाच वेळी दोन-तीन अंशांचा फरक सापडतो. उत्तर काठाच्या खाड्या दक्षिणेकडचं ऊन घेतात आणि उत्तरेच्या गार वाऱ्यापासून आडोशाला असतात. त्या आधी तापतात. काळ्या चिखलाचा तळ पिवळ्या वाळूपेक्षा लवकर तापतो. दक्षिणेचा वारा दोन दिवस टिकला तर वरचं उबदार पाणी उत्तर काठाला जाऊन साठतं. तिथे छोटे मासे गोळा होतात, लाटांनी पाणी गढुळतं, प्रकाश कमी होतो. वॉलआयच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. अंधुक उजेडात त्याला आपल्या भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. म्हणून वारा तोंडावर घेणारा काठ मासे देतो आणि आरशासारखं शांत, सुंदर दिसणारं पाणी दिवसा बहुधा रिकामं निघतं. माणसाला साहजिकच शांत बाजू आवडते. नवशिक्यांची मोठी चूक तीच.

वेळेचंही तसंच. उन्हाळ्यात पहाट चांगली, पण मे महिन्यात पहाटे पाणी दिवसातलं सर्वांत गार असतं. दुपारी तीननंतर ते चढलेलं असतं, आणि सूर्यास्ताच्या आधीचा एक तास ते नंतरचा एक तास हा सर्वांत भरवशाचा काळ. पहाटे चारला उठून दुपारी दोनला दमून घरी जाणारे लोक नेमकी ती वेळ चुकवतात.

तपासून बघा: किमान तीन जागांचं तापमान लिहून काढलं का? सर्वांत उबदार जागेवर वारा येतो आहे का? आणि वारा वाढला तर तिथून परत येता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल तर दुसऱ्या क्रमांकाची जागा घ्या.

६. बोट हळू करणं

वाऱ्यावर सोडलेली बोट ताशी दीड-दोन मैल सहज जाते. गार पाण्यातला मासा एवढ्या वेगाने जाणाऱ्या आमिषामागे येत नाही. ताशी ०.३ ते ०.८ मैल हा वेग धरा. फोनच्या जीपीएसवरही तो दिसतो. वारा जास्त असेल तर ड्रिफ्ट सॉक, म्हणजे पाण्यात फुगणारी कापडी पिशवी, बोटीच्या वाऱ्याकडच्या बाजूला बांधा. विजेवरची मोटर असेल तर वाऱ्याविरुद्ध अगदी हळू चालवा.

दोरीचा कोन बघत राहा. ती पाण्याशी ४५ अंशांपेक्षा आडवी झाली तर बोट जोरात आहे किंवा जिग हलकं आहे. आधी बोट हळू करा, वजन नंतर वाढवा.

चार ते सहा फुटांत बोट माशांच्या डोक्यावर नेऊ नका. बाहेर खोलात नांगर टाका आणि काठाकडे फेकून गरवा. नांगराची दोरी खोलीच्या पाच-सात पट लांब सोडावी आणि ती बोटीच्या पुढच्या टोकाला बांधावी. मागच्या बाजूला बांधलेली बोट लाटेत मागून पाणी घेते आणि बुडते.

७. जिग चालवणं

जिग तळाला जाऊ द्या. दोरी सैल पडली की तळ लागला. रीळ एक वेढा फिरवून दोरी सरळ करा. रॉडचं टोक सहा इंच उचला, तसंच धरा, चार-पाच आकडे मोजा, मग हळूच खाली. बस्स, एवढंच. फूट-दीड फूट झटके मारणं हे उन्हाळ्याचं काम.

मासा घेतो ते बहुधा जिग खाली जाताना किंवा स्थिर असताना. म्हणून खाली नेताना दोरी सैल सोडू नका, रॉडचं टोक दोरीबरोबर उतरवा. टोच म्हणजे दर वेळी ‘टक’ असं नाही. गार पाण्यात पुष्कळदा नुसतं जड लागतं, पाण्यातला पालापाचोळा अडकल्यासारखं. जिग तळाला पोचायच्या आधीच थांबलं तरी तो मासा समजायचा.

लागल्याबरोबर झटका मारू नका. टोक फूटभर माशाकडे झुकवा, दोन मोजा, आणि मग मनगटाने नाही तर पूर्ण हाताने रॉड वर ओढा. आमिषाचं शेपूटच तुटून येत असेल तर थोडं आणखी थांबा किंवा छोटा फॅटहेड लावा. उलट मासा गळ पोटात गिळत असेल तर कमी थांबा.

दहा-पंधरा मिनिटांत एकही टोच नाही? तर बदल याच क्रमाने करा, एका वेळी एकच:

अ) खोली, दोन-दोन फुटांनी, आधी उथळाकडे मग खोलाकडे
आ) वेग, अजून हळू
इ) वजन, एक पायरी हलकं
ई) पद्धत: सरकतं शिसं, बारीक स्विव्हल (दोरीचा पीळ सोडवणारी फिरती कडी), त्यापुढे चार फूट दोरी आणि ६ किंवा ८ नंबरचा साधा गळ
उ) रंग आणि आमिष

गार वाऱ्याची लाट येऊन गेल्यावर आकाश निळंशार होतं, हवेचा दाब चढतो आणि मासा तोंड मिटतो. अशा दिवशी जागा फार बदलू नका. तीन-चार फूट खोल जा, सर्वांत हलकं जिग आणि सर्वांत छोटं आमिष घ्या आणि संध्याकाळची वाट बघा.

दोरी दाताने कापल्यासारखी तुटत असेल तर तिथे पाइक आहेत. गळाच्या आधी तारेचा तुकडा (लीडर) लावला तर वॉलआय कमी घेतो; जागा थोडी सरकवणं बरं.

८. बोट नसेल तर

काठावरून मे महिन्यात जेवढे वॉलआय मिळतात तेवढे पुढे वर्षभर मिळत नाहीत, कारण आत्ता मासाच काठाशी आलेला असतो. सार्वजनिक मासेमारीचा धक्का, ओढ्याचं तोंड, पुलाखालचा प्रवाह किंवा गोट्यांचा काठ निवडा आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा.

सरकता बॉबर, म्हणजे दोरीवरच्या गाठीपर्यंत सरकणारा तरंगता गोळा, लावून शायनर तळापासून फूटभर वर ठेवा. खोली मोजायला गळाला वजनाचा चिमटा लावून एकदा तळापर्यंत सोडा आणि त्याप्रमाणे दोरीवरची गाठ सरकवा. अंदाजाने ठेवलेली गाठ हेच काठावरच्या अपयशाचं मोठं कारण. अंधार पडल्यावर चार-पाच इंची, उथळ पोहणारं माशाच्या आकाराचं लाकडी किंवा प्लास्टिकचं आमिष काठाला समांतर फेका आणि इतकं हळू ओढा की ते जेमतेम थरथरेल. समोर लांब फेकणारे लोक पायाशी आलेल्या माशांच्या पलीकडे गरवत असतात.

सावध: वेडर (बुटांसकटची जलरोधक पँट) घालून पाण्यात उतरायचं तर कंबरेच्या खालीच, पट्टा घट्ट बांधून, अंगावर लाइफ जॅकेट आणि सोबत कुणीतरी.

९. मासा हातात आल्यावर

हातजाळी आधी ओली करा, पाण्यात ठेवा आणि मासा डोक्याच्या बाजूने तिच्यावर आणा. जाळी घेऊन माशामागे धावलं की शेपटी जाळीला लागते आणि तो उसळतो. वॉलआयचा पाठीचा पर काटेरी आणि कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते. हात ओला करून डोक्यामागून, काटे खाली दाबत धरा. ओठाला धरू नका, दात आहेत.

लगेच मोजा: तोंड मिटलेलं, शेपटी चिमटीत दाबून, पट्टीवर सपाट. नियमात बसत नसेल तर पाण्यात, त्याच क्षणी. गळ खोल गिळला असेल तर ओढून काढू नका, तोंडाशी दोरी कापा. फोटो काढायचा तर फोन आधी तयार ठेवा, आणि मासा आडवा, दोन्ही हातांनी धरा.

ठेवायचा मासा रक्त काढून लगेच बर्फात घाला आणि बर्फाचं पाणी अधूनमधून काढत राहा. लांबीचा नियम असलेल्या तळ्यावर घरी नेताना मासा डोक्या-शेपटीसकट अख्खा ठेवा. तुकडे केले तर वाटेत तपासणाऱ्या अधिकाऱ्याला लांबी मोजता येत नाही.

१०. तळं सोडताना आणि घरी पोचल्यावर

मिल लॅक्समध्ये झेब्रा शिंपले आणि काटेरी पाणपिसू (बारीक जलचर) हे बाहेरून आलेले दोन्ही जीव आहेत. इथून दुसऱ्या तळ्यावर जाताना त्यांना बरोबर नेलं तर ते तळंही कायमचं बिघडतं. रॅम्पवरून वर येऊन बाजूला थांबा आणि पाणवनस्पती, चिखल हाताने काढा. तळाचा प्लग काढा आणि प्रवासभर काढलेलाच ठेवा. मोटर खाली करून तिच्यातलं पाणी जाऊ द्या. आमिषाच्या बादलीतलं तळ्याचं पाणी जमिनीवर ओता आणि घरून आणलेलं भरा. उरलेलं आमिष कचऱ्यात. तळ्यात सोडणं बेकायदा आहे. काटेरी पाणपिसू दोरीवर ओल्या कापसासारखी गोळा होते, म्हणून रीळ, जाळी आणि नांगराची दोरी कापडाने पुसा आणि पूर्ण वाळवा.

मासा साफ करताना पुढच्या अर्ध्या भागात मधोमध बारीक काट्यांची एक ओळ लागते. तिच्या दोन्ही बाजूंनी चीर देऊन ती पट्टी काढली की मुलांनाही निर्धास्त देता येतो. मांस पांढरं, कमी चरबीचं आणि नाजूक असतं. आगळ आणि मीठ-हळद लावून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर ते भुसभुशीत होतं. रवा लावून तळायला उत्तम. कालवणात घालायचा असेल तर उकळी आल्यावर, शेवटच्या चार-पाच मिनिटांत.

मोठ्या, वयस्क माशांत पारा जास्त साठतो. गरोदर किंवा गरोदर राहू शकणाऱ्या बायकांनी आणि मुलांनी किती वेळा खावा याचे मिनेसोटा आरोग्य खात्याचे तक्ते तळ्यानुसार मिळतात. शिजवण्याआधी ते बघा.

उरलेले तुकडे पिशवीत पाण्याखाली बुडवून गोठवा, वर तारीख आणि माशांची संख्या लिहा. जवळ बाळगायच्या मर्यादेत घरच्या फ्रीझरमधले मासेही धरले जातात. पुढच्या फेरीला निघण्याआधी ते मोजून मगच किती ठेवायचे ते ठरवा.